दुमिंगकाकांच्या चार ढाली

दुमिंगकाकांच्या घरातल्या आल्तारावर मधोमध येशूच्या पवित्र हृदयाची तसबीर होती, उजवीकडे वेलंकनी माउली, डावीकडे संत अंतोन, आणि त्यांच्या खाली, बरोबर एक वीत अंतर राखून, एक दाढीवाले गृहस्थ होते. डोक्यावर पांढरं वस्त्र, त्यावर काळ्या दोरीचं वेटोळं, अंगात पायघोळ झगा, नजर दूर कुठेतरी समुद्रावर. पहिल्यांदा त्या घरी गेलो तेव्हा मी भोळेपणाने सगळ्यांनाच नमस्कार केला आणि हे खालचे कोणते संत, म्हणून विचारलं.

"संत नाहीत, मास्तर," काका म्हणाले. "हे आमच्या क्लबचे संस्थापक."

ही चूक करणारा मी एकटाच नव्हतो. शेजारच्या मारीआत्यांची म्हैस एकदा हरवली होती. संत अंतोन हरवलेल्या वस्तू शोधून देतात हे त्यांना लहानपणापासून ठाऊक. पण त्या दिवशी मेणबत्ती लावताना त्यांची नजर चुकली की काय कोण जाणे, ती लागली या दाढीवाल्यांपुढे. म्हैस संध्याकाळच्या आत कळंबच्या सुरूच्या बनात सापडली. तेव्हापासून आत्यांच्या लेखी ते 'मोतीवाला सांतू' झाले ते झालेच. घराच्या आशीर्वादाला आलेल्या फादरनी पवित्र पाणी शिंपडता शिंपडता चौकशी केली, सगळी हकिकत ऐकून पोट धरधरून हसले आणि म्हणाले, माणूस चांगला दिसतो, राहू दे, फक्त एक वीत खाली घ्या. म्हणून ती वीत.

मी मूळचा आगाशीचा वाडवळ. ऐंशी सालच्या आसपास सोपाऱ्याहून कळंबला जाणाऱ्या रस्त्यावरच्या एका शाळेत इतिहास शिकवायला लागलो आणि दुमिंगकाकांच्या वाडीतल्या दोन खोल्या भाड्याने घेतल्या. माणूस उंच, काटकुळा, खाकी अर्ध्या विजारीतला. डोक्यावर कायम एक फिकट हिरवी टोपी आणि टोपीवर कंदिलाचं चित्र. नवरा-बायको आपसात त्यांच्या बोलीत बोलत. ती मला निम्मी कळे आणि निम्मी कळल्यासारखी वाटे. माझ्याशी मात्र काका मास्तर समोर आहेत याचं भान ठेवून पुस्तकी मराठी बोलत, त्यात मध्येच अरबी 'यल्ला' आणि 'खलास' येऊन जाई.

त्यांच्या क्लबचं नाव अल-फानूस. फानूस म्हणजे कंदील. आखातातल्या एका बंदराच्या गावचा हा फुटबॉल क्लब, आणि त्याचा इतिहास काकांना तोंडपाठ होता. मला माझ्या पेशव्यांची वंशावळ सांगताना मध्येच अडखळायला होई. काका कधी अडखळले नाहीत. ते दाढीवाले गृहस्थ मोत्यांचे व्यापारी. मोत्यांचा धंदा बसला, पाणबुडे घरी बसले, तरण्या पोरांनी दिवसभर करायचं काय? म्हणून यांनी एक होडी विकली आणि बोटीवरच्या एका गोऱ्या कप्तानाकडून खरा चामड्याचा चेंडू घेतला. दिवसा ऊन इतकं की वाळूवर पाय ठेवता येत नसे, म्हणून खेळ दिवेलागणीला सुरू व्हायचा आणि गोलच्या खांबांना होडीवरचे कंदील टांगायचे. चेंडू लागून कंदील फुटला तर फोडणाऱ्याने नवा आणायचा. "त्यामुळे आमचे लोक नेम धरून मारायला शिकले," काका सांगत. हा इतिहास मी कुठल्याही पुस्तकात वाचलेला नाही. पण वर्गात पोरं जांभया द्यायला लागली की मी तहात आणि लढायांत अडकलेला धडा सोडून ही गोष्ट सांगत असे, आणि वर्ग जागा होई.

काका तिकडे गेले होते रस्त्याच्या कामावर मजूर म्हणून. क्लबने वाळूचं मैदान काढून हिरवळ करायचं ठरवलं तेव्हा मुकादमाने विचारलं, पाणी लावायचं काम कुणाला येतं? वसईच्या वाडीवाल्याला हा प्रश्न म्हणजे कोळ्याला पोहता येतं का विचारण्यासारखं. लहानपणापासून रहाटाचं पाणी पाटाने केळीला पाजण्यात जन्म गेलेला. काकांनी हात वर केला आणि त्या दिवसापासून क्लबचं मैदान त्यांचं झालं. सुट्टीवर आले की परत जाताना ते सुकेळ्यांची पुडकी घेऊन जात, आणि सगळ्या खेळाडूंना त्यांनी त्या वाळवलेल्या राजेळीची इतकी गोडी लावली की खेळाडू त्यांना 'अबू मोज' म्हणायला लागले. म्हणजे केळ्यांचा बाप. हे सांगताना काकांच्या अंगावर मूठभर मांस चढे.

माणसांची ओळखही ते केळ्यांवरूनच करून देत. उंच, भरदार गोलरक्षक म्हणजे राजेळी. बुटका, चपळ, उजव्या अंगाने पळणारा आणि डाव्या पायाने मारणारा म्हणजे वेलची. मधल्या फळीतला जाड्या म्हणजे बसराई. खरी अरबी नावं त्यांना येत होती, पण आम्हाला लक्षात राहणार नाहीत याची त्यांना खात्री होती, आणि ती बरोबर होती. अख्ख्या गावाला वेलचीने कुणाविरुद्ध कधी गोल मारला ते ठाऊक होतं, त्याच्या आईबापांनी त्याचं नाव काय ठेवलं ते कुणालाच नाही.

शुक्रवार हा तिकडचा सुट्टीचा आणि सामन्यांचा दिवस. त्या दिवशी काका दुपारपासून कुणाचे नसत. तिकडून आणलेला रेडिओ घरात लागत नसे. ओटीवर लागत नसे. लागे तो फक्त विहिरीपलीकडच्या एका केळीला टांगल्यावर, तोंड कळंबच्या समुद्राकडे करून. त्या केळीचा लोंगर, म्हणजे अख्खा घड, पिकून गळायला आला तरी काका तो उतरवत नसत, कारण लोंगर काढला की रेडिओला आधार उरत नसे. समालोचन अरबीत. आम्ही पाचसहा जण ओटीवरच्या बाकावर रांगेने बसून काकांच्या तोंडाकडे बघत असू. समालोचक श्वास न घेता मिनिटभर ओरडला तर काका म्हणत, "थ्रो." आणि तो एखादा शब्द पुटपुटला तर काका उठून, हातवारे करून, चेंडू कुणाकडून कुणाकडे गेला, गवत कुठे जरा ओलं राहिलं आहे आणि बसराईने कसा मूर्खपणा केला ते भरभर सांगत. गोल झाला की कात्रीनकाकी आतून विचारत, तुमच्या टोळीने मारला की दुसऱ्यांनी? उत्तराची वाट न बघता त्या परत मासळी तळायला लागत. क्लबचं नाव त्यांनी माझ्यासमोर कधी घेतलं नाही. कायम 'तुमची टोळी'.

काका परत आले होते ते अचानक, करार संपायच्या आधीच, आणि पुन्हा गेले नाहीत. का, ते त्यांनी कधी काढलं नाही आणि मीही विचारलं नाही.

क्लबच्या पराक्रमांचा कळस म्हणजे चार ढाली. देशातली सगळ्यात मोठी स्पर्धा जिंकली की ढाल मिळे, आणि अल-फानूसने ती चार वेळा आणली होती. पहिली ढाल, जेव्हा राजेळी अंगात ताप घेऊन गोलात उभा राहिला. दुसरी, जेव्हा वाळूचं वादळ आलं आणि पंचाला चेंडूच दिसेना. तिसरी वेलचीची, एकट्याची. चौथी, जेव्हा राजधानीच्या बड्या क्लबची नाकावर टिच्चून जिरवली. काकांच्या घरची दिनदर्शिकाच ती. विहिरीवर पंप कधी बसला विचारलं तर दुसऱ्या ढालीच्या पावसाळ्यात. मारीआत्यांचा थोरला कधी लग्न करून वेगळा झाला? तिसरीनंतर. आणि प्रत्येक वाक्यात 'आम्ही'. आम्ही गोल खाल्ला, आम्ही फेडला, आम्ही ढाल आणली. पाणी लावणारा माणूस खेळाडूंच्या बरोबरीने 'आम्ही' म्हणतो याचं सुरुवातीला मला हसू येई. नंतर येईनासं झालं.

सगळं असं सुखाने चाललेलं असताना सायमन रजेवर आला.

सायमन हा मारीआत्यांचा धाकटा. दोन वर्षांपूर्वी त्याच बंदराच्या गावी वायरमन म्हणून गेलेला. काकांनीच त्याला निरोप देताना सांगितलं होतं, काही झालं तरी मैदान बघून ये. पोराने बघितलं. सेंटची बाटली, घड्याळ आणि चकचकीत शर्ट यांच्यासकट तो आला, ओटीवर बसला आणि सगळ्यांसमोर म्हणाला, "काका, मैदान एक नंबर आहे. पण ढाली पाच आहेत. दारावरच्या फलकावर पाच कंदील काढलेत. एका ढालीला एक."

"चार," काका म्हणाले.

सायमन हसला. त्याने स्वतः मोजले होते, वायरिंगचं कामच त्या दाराजवळ होतं. शिवाय पाचव्या ढालीचा सामना तिकडच्या कामगारांच्या कॅम्पवर अजून रंगवून सांगतात. काकांनी त्याला पुढे बोलूच दिलं नाही. चार म्हणजे चार, म्हणाले, आणि उठून केळीला पाणी सोडायला गेले.

गावाला हे फारच आवडलं. ज्या माणसाने आजवर सगळ्यांच्या चुका काढल्या, त्याचीच चूक सापडली होती. चर्चच्या पायऱ्यांवर, सहकारी सोसायटीत, जिथे तिथे त्यांना विचारायला लागले, काका, चार की पाच? काका न चिडता म्हणत, चार. सायमनने चिडून राजेळीच्या अख्ख्या लोंगराची पैज लावली. काकांनी पैज घेतली नाही आणि आकडाही सोडला नाही. शुक्रवारी ओटीवर माणसं कमी दिसू लागली. एका शुक्रवारी मी एकटाच होतो.

मलाही ते लागलं. शितावरून भाताची परीक्षा करण्याची मास्तर लोकांना खोडच असते. हा माणूस कुठला गोल कुठल्या पायाने झाला ते सांगतो, आणि अख्खी ढाल विसरतो? मग ती होडी खरी की खोटी? खांबांना टांगलेले कंदील? मी वर्गात इतक्या पोरांना सांगून बसलो होतो. एकदा धीर करून मी काकांना म्हटलं की रेडिओवर पुन्हा नीट ऐकून खात्री करून घेऊ या. त्यांनी माझ्याकडे बघितलं आणि म्हणाले, "मास्तर, तुम्ही तरी नका." एवढंच.

सायमन पुढच्या रजेवर आला त्या हिवाळ्यात बातमी आली. अल-फानूस मुंबईला सामना खेळायला येणार होता. फादरनीच वर्तमानपत्र आणून दाखवलं. गाव पुन्हा काकांच्या ओटीवर गोळा झालं, यावेळी सोक्षमोक्ष लावायला. केळी वाहून नेणारा ट्रक ठरला. खाली सुकी पानं अंथरली, वर माणसं बसली. लग्नांत वाजवणारा गावचा बँड आपणहून निघाला, कारण त्या दिवशी कुणाचं लग्न नव्हतं. मारीआत्यांनी मोतीवाल्या सांतूसाठी मेणबत्ती घेतली. कात्रीनकाकी येणार नाहीत असंच सगळे धरून चालले होते. ट्रक सुटायच्या वेळी त्या लाल लुगडं नेसून, सुकेळ्यांची पिशवी घेऊन आल्या आणि ड्रायव्हरशेजारी बसल्या.

मुंबईच्या मैदानात पाहुण्या अरबांच्या बाजूने ओरडणारे आम्ही तेवढेच. पहिला गोल झाला तेव्हा बँडने वरात चर्चमधून बाहेर पडताना वाजवतात तीच धून वाजवली. गोल मारणारा पोरगा धावता धावता थबकला आणि आमच्याकडे बघत राहिला. आजूबाजूचे प्रेक्षक विचारत, तुम्ही कुठले? मारीआत्या अभिमानाने सांगत, वसईचे.

काका मात्र टोपी मांडीवर ठेवून मैदानाकडे बघत होते. खेळाकडे नाही, गवताकडे. संघात ओळखीचा एकही चेहरा नव्हता. राजेळी नाही, वेलची नाही, सगळी नवी पोरं. सायमन माझ्या कानाशी पुटपुटला, इथे यांना कुत्रंही ओळखत नाही, मास्तर. मध्यांतर झालं. बर्फाची पेटी घेऊन एक जाडगेला, काळासावळा म्हातारा खेळाडूंकडे निघाला होता. बँडच्या आवाजाने त्याने वर बघितलं, पेटी तिथेच टाकली आणि दोन्ही हात वर करून ओरडला, "अबू मोज!"

तो कुट्टी, क्लबचा मलबारी स्वयंपाकी. कुंपणाच्या जाळीतून त्या दोघांनी एकमेकांची बोटं धरली आणि दोघेही रडायला लागले. सामना संपल्यावर कुट्टीने आम्हाला सगळ्यांना आत नेलं. पोट सुटलेला एक उंच माणूस, तो आता संघाचा प्रशिक्षक झाला होता, धावत आला आणि त्याने काकांना उचललंच. तो राजेळी. गावाने खऱ्याखुऱ्या राजेळीला डोळे भरून बघून घेतलं. सुकेळी वाटली गेली. होडी, चेंडू, कंदील, सगळं कुट्टीने न विचारता सांगितलं आणि सगळं काकांनी सांगितलं तसंच होतं. मारीआत्यांची मेणबत्तीसुद्धा त्याने नीट खिशात ठेवली, त्या दाढीवाल्या शेखसाहेबांच्या घरी पोचवतो म्हणाला. माझ्या मनावरचं ओझं उतरलं.

तेवढ्यात सायमनने विचारलंच. क्लबने ढाली किती जिंकल्या?

"पाँच," कुट्टी म्हणाला.

सगळे काकांकडे बघायला लागले. काका म्हणाले, "चार, कुट्टी."

"क्या बात करता है, पाँच है पाँच. वो आखिरी वाला, जिस दिन तुम..." कुट्टी बोलता बोलता थांबला. त्याने काकांकडे बघितलं, मग त्यांच्या मागे पिशवी धरून उभ्या असलेल्या कात्रीनकाकींकडे. डोक्यावरची टोपी काढून हातात घेतली. "हाँ," तो म्हणाला, "चार. मैं बुड्ढा हो गया, भूल गया."

सायमन हुज्जत घालायला लागला तेव्हा राजेळीने त्याच्या खांद्यावर असा काही हात ठेवला की तो गप्प बसला.

परतताना खाडीवरचा पूल ओलांडल्यावर ट्रक चहाला थांबला. ऊन अजून पुरतं उतरलं नव्हतं. बँडवाल्यांनी काकांना मध्ये घेतलं होतं. मी आणि सायमन कात्रीनकाकींना चहा द्यायला गेलो. सायमनची कुरकुर चालूच होती, म्हाताऱ्याने मैत्रीपायी खोटं सांगितलं म्हणून. काकींनी चहा हातात घेतला आणि म्हणाल्या, "पाचच हायेत. तुझं बरोबर हाय. पाचवी मिळाली त्या दिवशी आमची फिलू गेली."

फिलू म्हणजे त्यांची एकुलती एक मुलगी. ती काविळीने गेली, बाप परदेशात असताना, हे गावात सगळ्यांना माहीत होतं. मलाही होतं. त्या दोन गोष्टी शेजारी ठेवून बघण्याचं आमच्यापैकी कुणाला सुचलं नव्हतं.

"तार पोचली तेव्हा सामना चालू होता," काकी सांगत होत्या. "शेखने लगेच तिकीट काढून दिलं, स्वतःची गाडी दिली. पण सामना संपला आणि सगळं गाव रस्त्यावर. हातात कंदील घेऊन नाचत होते, मास्तर. गाडीला वाट मिळेना. हे गाडीत बसलेले, आणि लोक काचेतून हात घालून यांचा हात हलवत होते, मिठाई भरवत होते. यांनी मब्रूक म्हणून सगळ्यांचं अभिनंदन केलं. नाचणाऱ्या माणसाला काय सांगणार? विमान गेलं. हे आले तेव्हा माती झालेली."

सायमनचा चहा तसाच हातात राहिला.

"मी पुष्कळ शिव्या दिल्या त्या टोळीला. यांनी एक शब्द काढला नाय. म्हणाले, माणसं जिंकली तर नाचणारच. फक्त ती ढाल मोजत नायत. मी पण नाय मोजत."

सायमन काकांकडे गेला. मी मागोमाग गेलो, न जाणो पोरगं काय बोलून बसेल. तो म्हणाला, "काका, माझंच चुकलं. चारच आहेत."

काकांनी त्याच्याकडे बघितलं, मग ट्रकजवळ उभ्या असलेल्या काकींकडे, आणि काय झालं ते त्यांना कळलं. ते बाकावर जरा सरकले आणि त्यांनी सायमनला शेजारी बसवलं.

"नाही रे. पाच आहेत. तू पाचच सांगत जा, पोरं त्या दिवशीही मेहनतीनेच खेळली असतील. मला ते 'आम्ही' म्हणता येत नाही, एवढंच." मग खालच्या आवाजात त्यांनी विचारलं, "शेवटचा गोल कुणी मारला रे?"

एवढ्या वर्षांत त्यांनी हे कुणाला विचारलं नव्हतं. सायमनने कॅम्पवर ऐकलेला तो सामना पहिल्यापासून सांगायला घेतला. कात्रीनकाकी चहाचा पेला घेऊन आल्या आणि काकांच्या दुसऱ्या बाजूला बसून ऐकू लागल्या.